जवंजाळ साहेबांचं हिरवं टमाटर

जवंजाळ साहेबांना टमाटर म्हटलेलं खपत नसे. आमच्या बुलढाण्यात भाजीवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे टमाटर म्हणतात. खेड्यावरून आलेल्या जुन्या बाया भेदरं म्हणतात. दोन्ही नावांनी भाजी तेवढीच आंबट होते. पण साहेबांसमोर कुणी टमाटर म्हटलं की ते हात वर करून त्याला थांबवायचे, “टोमॅटो” म्हणायचे, आणि मग पुढे बोलू द्यायचे. स्वतः मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातले, राखेने दात घासून मोठे झालेले. मुलाकडे पुण्याला दोन-चारदा जाऊन आले आणि तोंडातलं वऱ्हाडी त्यांनी जुन्या पायजम्यासारखं काढून ठेवलं. अंगठ्याला हातोडी लागली की ते परत यायचं, तेवढंच.

आमची भिंत एक होती. मी मेस चालवते. कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं, बदली होऊन आलेले आणि अजून बिऱ्हाड न लागलेले बाबू, असे सगळे माझ्याकडे जेवतात. ज्या मागच्या ओट्यावर मी भाजी चिरायला बसते, तिथून साहेबांचं मागचं अंगण सरळ दिसतं. म्हणून या माणसाबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही. साहेब आता पुण्याला मुलाकडे असतात. घर भाड्याने दिलं आहे, आणि ज्या वाफ्यापायी सगळं झालं तिथे भाडेकरू मोटारसायकल लावतो.

लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की देऊळगाव राजाकडे कुठल्याही लग्नाला गेलं की कुणीतरी साहेबांची गोष्ट काढतं आणि ऐकणाऱ्या बाया डोळ्याला पदर लावतात. पोरीसाठी बापानं काय केलं, म्हणून. मी तिथे हजर होते. काय केलं ते मी पाहिलं आहे.

साहेब नोकरीत असताना शेतीचे विस्तार अधिकारी होते. गावोगाव जाऊन काय पेरावं, कधी फवारावं हे त्यांनी लोकांना सांगितलं. घरची जमीन मात्र भावाकडे बटईने, म्हणजे अर्ध्या वाट्याने कसायला दिलेली, आणि तिच्या बांधावर ते पोळ्याला तेवढे जात. निवृत्त झाल्यावर ऐकायला लोक उरले नाहीत, म्हणून त्यांना बागेचा नाद लागला. बागेत उतरताना इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात मोजे. खुर्ची वाफ्याच्या कडेला टाकायची आणि बसून झाडांकडे पाहायचं. झाडं वाढत होती ती जणू त्यांच्या देखरेखीखाली.

‘मुळात’ हा त्यांचा शब्द. चहा घेता का, असं विचारलं तरी “मुळात चहा हे आपलं पेय नाही” इथून सुरुवात व्हायची, आणि ते संपेपर्यंत चहावर साय धरायची. मग ती बोटाने बाजूला करून ते चहा पिऊन घ्यायचे, आणि आणखी अर्धा मागायचे. दुसरं ठेवणीतलं वाक्य, “त्यामागे शास्त्र आहे.” शास्त्र काय आहे ते मात्र मी कधी ऐकलं नाही. तिथपर्यंत ते पोचतच नसत.

पुण्याला कुठल्याशा प्रदर्शनातून त्यांनी एकदा टमाटराचं बी आणलं. कागदाच्या पुडीत, पुडी पाकिटात, पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात. पिकलं तरी हिरवंच राहणारं टमाटर होतं ते. कच्चं असताना हिरवं, पिकल्यावर हिरवं, नासायला लागलं तरी बराच वेळ हिरवंच. पिकलं की नाही ते बोटाने दाबून ओळखायचं. पिकलेलं बोटाखाली जरा दबतं, एवढीच खूण. चांगलं पिकलेलं एक मी खाल्लेलं आहे, गोड होतं. टमाटराबद्दल माझी काही तक्रार नाही. पण असली वस्तू लावणाऱ्याच्या बोटाला अक्कल लागते. साहेबांच्या बोटांनी आयुष्यभर सह्या केल्या होत्या. त्यांना दगड आणि बटाटा एकसारखाच लागत असावा.

त्या वाफ्यात आधी पुष्पावहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, मेथी आणि सांबार असायचा. सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. वहिनी रोज सकाळी मूठभर खुडून भिंतीवरून मला द्यायच्या आणि मी त्यांना उरलेल्या कणकेच्या चार पोळ्या द्यायची. असं आमचं चाललं होतं. एके दिवशी पाहते तर मेथी उपटून कोपऱ्यात टाकलेली, आणि साहेब खुर्चीत बसून वहिनींना मातीत बोटभर खड्डे करायला सांगत होते. वहिनींनी मेथीकडे पाहिलं, खड्डे केले, आणि घरात निघून गेल्या. त्या कमी बोलतात. बोलायला त्या घरात जागाच नव्हती.

बुलढाण्याचं पाणी ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. नळ येतो तेव्हा येतो. आला की गल्लीतल्या सगळ्या बाया हातातलं काम टाकून धावतात. टाकी, पिंप, हंडे, पातेली, सगळं भरून ठेवायचं आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचं. त्या पाण्यातून साहेबांची टमाटरं जगत होती. वहिनी भाजी धुतलेलं पाणी राखायच्या, तांदळाचं धुवण राखायच्या, भांडी विसळलेलं शेवटचं पाणी बादलीत धरायच्या आणि संध्याकाळी ती बादली वाफ्याला नेऊन ओतायच्या. साहेब म्हणायचे, “मुळात पाणी बुंध्याशी द्यायचं असतं.” पण त्यांनी स्वतः बादली उचललेली मी पाहिली नाही. पाठ दुखते म्हणत. त्याच पाठीने ते तासन् तास खुर्चीत बसत.

फळं धरली तेव्हा त्यांनी गल्लीला छळलं. एका बशीत दोन टमाटरं घेऊन घरोघरी जायचे आणि समोरचा खाईपर्यंत उभे राहायचे. त्यातली निम्मी पिकलेली नसत, कारण तोडणारे हेच. लोक एक घास खायचे, तोंड आवळायचे, “वा साहेब” म्हणायचे. आमच्या गल्लीत तायडे म्हणून हवालदार राहतात. सरळ माणूस. त्यांनी बशी घरात ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना रस्त्यात गाठून सांगितलं, “साहेब, तुमच्या कच्च्या टमाटराची चटणी लय झकास झाली. शेंगदाणे टाकले, लसूण टाकला. पोरं बोटं चाटून राह्यले. अजून असतीन तर द्या.” त्यावर साहेबांनी तायड्यांशी बोलणं टाकलं. समोरून हवालदार आले की हे रस्ता ओलांडायचे. तायड्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की काऊन, म्हणजे कशासाठी. ते मला विचारायचे, “ताई, साहेबाले काय झालं? मी तं तारीफ केली.”

पाखरांनी त्या टमाटरांना चोच लावली नाही. बुलबुल आणि साळुंक्या लाल दिसेल तिथे येतात, इथे त्यांना काही दिसेना. साहेबांना याचा फार आनंद. पाखरं फसतात, हाच या जातीचा गुण, असं त्यांनी मला भिंतीवरून समजावून सांगितलं. मी म्हटलं, पाखरंही फसतात, माणसंही फसतात, मग खायला उरतं कोण? ते म्हणाले, “तुमच्या लक्षात येणार नाही.” हे त्यांचं तिसरं ठेवणीतलं वाक्य. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांमध्ये या टमाटराचा विषय निघाला तेव्हा समोरच्या घरातली म्हातारी म्हणाली, “बापा, टमाटर मालकावर गेलं. पिकलं तरी हिरवट.” सगळ्या पोट धरून हसल्या. वहिनीही हसल्या. मी त्यांना दात दिसेपर्यंत हसताना तेव्हा पाहिलं, पुन्हा काही पाहिलं नाही.

इथपर्यंत ठीक होतं. एखादा माणूस स्वतःच्या अंगणात मूर्खपणा करतो, करू द्यावा. पण त्या घरात रोहिणी होती.

रोहिणी त्यांची धाकटी मुलगी. मेहकरकडे शाळेवर शिकवायची, रोज बसने जाऊन-येऊन. त्याच बाजूच्या दुसऱ्या शाळेवर नीलेश नावाचा मुलगा होता, देऊळगाव राजाचा. दोघांचं दोन-तीन वर्षांपासून जुळलेलं होतं. घरच्यांना मात्र ते ठरवून केलेलं स्थळ वाटायला हवं होतं, कारण नीलेशच्या घरात त्याच्या आजीचं चालतं, आणि आजीला पोरांनी आपसात जुळवलेलं आवडत नाही. रोहिणी माझ्याकडे आली. माझं माहेर देऊळगावच्याच बाजूचं, त्या आजींना, गोदाआजींना, माझी आई ओळखायची. मी मध्ये पडले, रीतीप्रमाणे स्थळ सुचवलं, दोन्हीकडे चार खेपा केल्या. पत्रिका झाली, पाहणं झालं. उरलं होतं पक्कं करणं. थंडी उतरत असताना एका रविवारी ती मंडळी बुलढाण्याला येणार, जेवणार, सुपारी फोडणार, आणि तारीख काढणार, असं ठरलं. रोहिणी आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर बसून वाटाणे सोलत होती आणि शेंगा पातेल्यात, वाटाणे कचऱ्यात टाकत होती. मी कचऱ्यातले वेचून धुतले.

स्वयंपाक माझ्याकडे होता. शिरा, पुऱ्या, भरली वांगी, कढी, भजे, भात. कोशिंबिरीच्या जागी मी काकडी आणि गाजर चिरून ठेवलं होतं. पहिली पंगत बसायच्या वेळी मी पुऱ्या तळत होते. तेवढ्यात साहेब आत आले, माझी काकडी-गाजराची परात उचलून ओट्याखाली ठेवली, आणि सगळ्या ताटांत स्वतःच्या हाताने हिरव्या चकत्या मांडल्या. मी म्हटलं, साहेब, आज राहू द्या. ते म्हणाले, “मुळात आजच संधी आहे.”

मंडळी बसली. गोदाआजींना खाली बसवत नाही, त्यांना खुर्ची आणि समोर स्टूल दिलं होतं. नीलेशचे वडील, काका आणि नीलेश खाली पाटावर. आजींनी पहिला घास घ्यायच्या आधी ताटावरून नजर फिरवली. चकती उचलली, दाताने तोडली, आणि परत ताटात ठेवली. मग कुणाकडेही न पाहता म्हणाल्या, “पक्कं कराया आलो आमी. अन् ताटात कच्चं?”

आमच्याकडच्या जुन्या बाया असल्या दिवशी तो शब्द तोंडातून काढत नाहीत. भात कच्चा राहिला तर जरा शिजू द्या म्हणतात. रस्ता कच्चा असेल तर गाडी हळू घ्या म्हणतात. सोयरीक पक्की व्हायच्या दिवशी कच्चं म्हणजे अपशकुन. आणि तो शब्द आजींना स्वतःला उच्चारावा लागला होता. तिथे बसलेल्या प्रत्येकाला ते कळलं. नीलेशने मान खाली घातली. स्वयंपाकघराच्या दारात रोहिणी पाण्याचा जग घेऊन उभी होती, ती तशीच राहिली.

अशा वेळी करायचं काय ते पाचवीतल्या पोरीला विचारा. चुकलं आजी, म्हणायचं. ताट बदलायचं. गुळाचा खडा हातावर ठेवायचा. हसायचं. आजी काही वाईट बाई नव्हेत, त्यांनीही हसून घेतलं असतं. मी गूळ आणायला वळलेही होते.

साहेब म्हणाले, “मुळात हा कच्चा नाही. तुमच्या नजरेला लाल रंगाची सवय आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. अशिक्षित माणसाचं असंच होतं.”

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं. “व्हय बाप्पा,” त्या म्हणाल्या, “आमी अडाणीच.” आणि ताटात पाणी ओतून हात धुतला. शिरा, पुऱ्या, वांगी, सगळ्यावर पाणी. नीलेशच्या वडिलांनी पुढ्यातला घास ठेवला. निघताना ते माझ्याशी नीट बोलले, स्वयंपाक चांगला होता म्हणाले, आणि साहेबांना म्हणाले, “कळवतो.” ज्यांनी पोरी उजवल्या आहेत त्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. सुपारी ज्या खिशात आली होती त्याच खिशात परत गेली.

मंडळी गेल्यावर साहेबांनी ताटांतल्या उरलेल्या चकत्या गोळा केल्या. मला वाटलं, लाज वाटून टाकून देतील. त्यांनी त्यांचं बी काढून घेतलं.

त्यानंतर देऊळगावचा फोन आला नाही. रोहिणी शाळेत जायची, यायची, जेवत नव्हती. नीलेश तिला सांगत होता की आजी ऐकत नाही. मी तुझ्याशीच करीन म्हणत होता, पण आजीला मोडून करीन असं म्हणत नव्हता, आणि तसं म्हणावं अशी तिचीही इच्छा नव्हती. एका संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. ती बापाला एक फोन करा म्हणत होती. एकच फोन, चुकलं एवढं म्हणा. साहेब म्हणाले, “माफी कशाची मागू? पिकलेल्याला पिकलेलं म्हणालो त्याची?” मग त्यांनी तिला तत्त्वाची गोष्ट सांगितली. माणसानं खरं सोडू नये वगैरे. पोरगी ऐकून घरात गेली. मीही मधे दोनदा बोलून पाहिलं. मला त्यांनी सांगितलं की अडाण्यांच्या घरात मुलगी देण्याची त्यांची मुळात घाईच नाही.

आणि मग वहिनींनी पाणी बंद केलं.

भांडण नाही, आदळआपट नाही. संध्याकाळी बादली घेऊन बाहेर यायच्या त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी विसळलेलं पाणी त्यांनी माझ्यासमोर गटारात ओतलं, सावकाश, साहेब खुर्चीत बसलेले असताना. टमाटराच्या झाडाला पाण्याचा खंड सोसत नाही. शेंडे माना टाकायला लागले, पानं वळली. साहेब आधी ओरडले. मग समजावू लागले. मग स्वतः बादली उचलून नळाच्या टाकीपर्यंत गेले, तर टाकीला वहिनींनी कुलूप घातलं होतं. मी माझ्या ओट्यावर दोडकी चिरत होते आणि त्या दिवशी दोडकी मी फार हळू चिरली.

साहेब म्हणाले, “अगं, मरून राह्यली ना झाडं.” वऱ्हाडी परत आलं होतं.

वहिनी म्हणाल्या, “देऊळगावले जाऊन या. मंग पाणी.”

म्हणून साहेब गेले. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट लोक इथून चुकीची सांगतात.

मला सोबत जावं लागलं, मध्यस्थ म्हणून. मी सांगितलं होतं की येताना पेढे घ्या. साहेब स्टँडवर आले ते कापडी पिशवीत टमाटरं घेऊन. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, “पुरावा.” बस चिखलीवरून जाते, रस्ता खड्ड्यांचा, आणि साहेबांनी ती पिशवी सबंध वाट मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. पोरगी लहान असताना त्यांनी तिला कधी असं धरलं असेल असं मला वाटत नाही. मधे मी पिशवीत हात घालून एक दाबून पाहिलं. घट्ट होतं. दुसरं दाबलं, तेही घट्ट. झाडं पाण्यावाचून सुकली होती, पिकलेली फळं कधीच गळून गेली होती, आणि साहेबांनी शास्त्राने निवडून सगळीच्या सगळी कच्ची तोडून आणली होती. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या लक्षात येणार नाही.” मग मी खिडकीतून बाहेर पाहत बसले.

गोदाआजी अंगणात बाजेवर बसल्या होत्या. आम्हाला बसायला सांगितलं, पाणी दिलं, चहा दिला. घरातली माणसं एकेक करून दारात येऊन उभी राहिली. नीलेश शाळेत होता, ते बरंच झालं. मी म्हटलं, आजी, त्या दिवशी चुकलं. आजी म्हणाल्या, तुझं काय चुकलं माय, तुझा शिरा चांगला व्हता. मग त्यांनी साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी पिशवी उघडली. “मुळात,” त्यांनी सुरुवात केली, “हा वाण—”

“बोलू नका साहेब,” आजी म्हणाल्या. “खाऊन दावा.”

साहेबांनी एक टमाटर काढलं, रुमालाने पुसलं, आणि चावा घेतला. करकन आवाज झाला. दारातल्या बायांपर्यंत तो ऐकू गेला. कच्चं टमाटर कुणी तसंच खाल्लं असेल तर ठाऊक असेल, आंबट असतं, तुरट असतं, जीभ टाळूला धरते आणि डोळ्यांत पाणी येतं. साहेबांचे गाल आत गेले. डावा डोळा मिटला. कपाळावर घाम आला. पण ते चावत राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही, आजींकडे पाहिलं नाही, समोरच्या तुळशीवर नजर लावली आणि पूर्ण टमाटर खाल्लं, देठाच्या टोकापर्यंत. मग बसल्या आवाजात म्हणाले, “गोड आहे.”

आजींनी विचारलं, “मीठ देऊ?”

“लागत नाही त्याला.”

आणि त्यांनी दुसरं काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्याच्या अर्ध्यावर त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. नाकातून पाणी आलं. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, हा माणूस मरेल, पण कच्चं म्हणणार नाही. पोरीचा विचार त्याच्या मनात त्या वेळी असता तर त्याने एक शब्द बोलून सगळं मिटवलं असतं. तो शब्द त्याच्या दातांमध्ये अडकलेला होता आणि तो गिळता येत नव्हता, म्हणून तो टमाटर गिळत होता.

आजींना मात्र ते डोळे दिसले. त्यांचा चेहरा बदलताना मी पाहिला. त्या बाजेवरून उठल्या, स्वतः पुढे आल्या, आणि साहेबांच्या हातातलं उरलेलं अर्धं टमाटर काढून घेतलं.

“बास करा, साहेब,” त्या म्हणाल्या. “कळलं आमाला. पोरीच्या बापाला कच्चं बी गोड म्हणून खावं लागतं. म्या बी लेकी दिल्या.” मग दारातल्या आपल्या मुलाला, नीलेशच्या वडिलांना, म्हणाल्या, “आरं, बघतो काय? सुपारी आन.”

साहेब काही बोलायला तोंड उघडत होते. मी त्यांच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. जीभ तशीही धरलेली होती, शब्द निघाला नाही. सुपारी फुटली.

परतीच्या बसमध्ये चिखली आल्यावर साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाले, “शेवटी पटलं त्यांना.”

घरी आल्यावर वहिनींनी मला ओट्यावर गाठलं आणि विचारलं, “कच्चेच व्हते ना?” मी हाव म्हटलं. “मले वाटलंच,” त्या म्हणाल्या, आणि कुलूप काढून बादली भरायला लागल्या. शब्द म्हणजे शब्द. रोहिणी रात्री शाळेच्या वह्या टाकून आली. तिला नीलेशने फोनवर सगळं सांगितलं होतं, म्हणजे आजीने जे पाहिलं ते सांगितलं होतं. ती म्हणाली, “काकू, बाबांनी खरंच खाल्लं?” मी म्हटलं, खाल्लं, दीड खाल्लं. तेवढंच म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि मग तिने माझ्याकडे दोन पोळ्या आणि पिठलं खाल्लं, बऱ्याच दिवसांनी.

लग्न उन्हाळ्यात बुलढाण्यालाच झालं. तोपर्यंत गोष्ट दोन्हीकडच्या नातेवाइकांत पसरली होती. नवरदेवाकडच्या बाया साहेबांना पाहायला यायच्या. एका काकांनी त्यांच्या पायाला हात लावला. साहेबांना वाटलं वाणाचा प्रसार होतो आहे. त्यांनी प्रत्येकाला बी देऊ केलं, आणि लोकांनी ते प्रसादासारखं घेऊन कपाळाला लावलं. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बी पुढे कुणी पेरलं असेल असं वाटत नाही. नंतर आठवडाभरात साहेब आणि वहिनी मुलाकडे पुण्याला गेले. मी त्या वेळी कामाच्या गडबडीत होते, निरोप घ्यायला वहिनी एकट्याच आल्या. त्यामुळे साहेबांना मी नीट पाहिलं ते पाठवणीच्या वेळीच, शेवटचं.

गाडी फुलांनी मढवून हॉलच्या दारात उभी होती. रोहिणी सगळ्यांच्या गळ्यात पडली. आईच्या गळ्यात पडली. मग ती बापाकडे आली. साहेब सूट घालून, हात मागे बांधून उभे होते. तिने त्यांच्या छातीवर डोकं टेकवलं आणि हुंदके देत म्हणाली, “बाबा, माझ्यासाठी तुम्ही कच्चं खाल्लं.”

आजूबाजूच्या बायांसकट सगळे साहेबांकडे पाहत होते. त्यांनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून जरा दूर केलं, तिच्या तोंडाकडे पाहिलं. मी जवळच होते. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला स्वच्छ दिसलं. कुणी पाढ्यात चूक केल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर येतं, ते होतं.

“कच्चा नव्हता तो,” ते म्हणाले. “पूर्ण पिकलेला होता.”

बायांना रडू आवरेना. गोदाआजींनी डोळ्याला पदर लावला आणि शेजारणीला म्हणाल्या, “आयका. बाप आसावा तं आसा.” रोहिणी आणखी मोठ्याने रडली. नीलेशने तिला धरून गाडीत बसवलं. साहेब खिडकीशी वाकले आणि तेच वाक्य आणखी एकदा, नीट समजावून सांगायला लागले.

पुष्पावहिनींनी त्यांना कोपराने बाजूला केलं, खिडकीची काच वर करायला सांगितली, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, “चल बापा. निघ.”